दोन्ही हातांत केबल घेतलेला फोटो

भाऊजींनी सूर्यालाच उलटा ठरवलं, तेव्हा मेहुणीने हसू दाबलं. मग कळलं, चूक तिच्या पदरात घातलीय.

भाऊजी रेडिओ वेधशाळेचे प्रमुख आणि ती तिथलीच संशोधक. सूर्याच्या कोरोनात, म्हणजे त्याच्या सगळ्यात बाहेरच्या तप्त आवरणात, चुंबकी कमानी उभ्या राहतात, त्यांचे नकाशे काढण्यात तिचे केस पांढरे झाले. कमानीच्या एका पायाकडून येणाऱ्या रेडिओ लहरींना उजवा पीळ, दुसऱ्याकडून येणाऱ्यांना डावा. दोन्ही वेगवेगळ्या केबलमधून यंत्रात येतात. शुक्रवारपासून सगळ्या कमानींचे पाय उलटे दिसू लागले. भाऊजींनी निकाल दिला : हेच खरं, मेहुणीचे जुने नकाशे चूक, सोमवारच्या बैठकीत ते मागे घ्यायचे. इतर वेधशाळांचे नकाशे तिच्याशी जुळतात, हे तिने सांगून पाहिलं. मग त्याही चुकल्या, म्हणाले. एकटे शहाणे उरले ते हेच.

रविवारी ताईने जेवायला बोलावलं. सोफ्याच्या वर नवी फ्रेम होती, कालच्या पेपरात आलेला भाऊजींचा फोटो. यंत्रापुढे छाती काढून उभे, दोन्ही हातांत एकेक केबल, गारुड्याने साप धरावेत तशी. नुसतं यंत्र म्हणजे मुकं कपाट दिसतं, असं फोटोग्राफर म्हणाला, म्हणून यांनी स्वतः केबल काढून हातात घेतल्या, असं ताई कौतुकाने सांगत होती.

"आणि परत लावल्या कोणी?" मेहुणीने विचारलं.

"यांनीच. दुसऱ्या कुणाला हात लावू देतात का?"

"कधी गं?"

"परवाच, शुक्रवारी."

भाऊजींचा घास हातातच राहिला. उजवी कुठली, डावी कुठली, हे फोटो काढून घेणाऱ्या माणसाने कशाला बघावं? त्याचं लक्ष कॅमेऱ्याकडे. सूर्य बिचारा जागच्या जागी होता.

ताई पोळी आणायला आत गेली तसे ते हळूच म्हणाले, "उद्या लवकर जाऊन केबल नीट लावतो. बैठकीत कशाला विषय?"

"माझ्या नकाशांचा विषय बैठकीतच काढणार होतात ना, भाऊजी? मग हाही तिथेच काढा. तुमच्या तोंडाने. नाहीतर मी फोटो घेऊन येते."

त्यांनी मान हलवली. होकारार्थीच असावी, मान खाली होती, नीट दिसलं नाही.

ताईच्या कानावर शेवटचं तेवढं पडलं. फोटो ऑफिसात न्यायचा म्हटल्यावर तिचा चेहरा असा उजळला, की मेहुणीला पुढे बोलवेना. ताईने फ्रेम उतरवली, पदराने काच पुसली आणि जुन्या चादरीत गुंडाळून तिच्या हाती दिली.

"सगळ्यांना दिसेल असा ठेव हं," ती म्हणाली.