सहा बोटं माती

“खाली घे, काळुराम. अजून घे खाली.”

“आता किती खाली घ्यायची, बाई? मापानं लावलीय.”

“माप मला नको सांगूस. एकतीस वर्षं बघतेय मी ही जाळी. ही उंच झालीय.”

विमलबाई मोकल टेनिस कोर्टाच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. पेणच्या त्या कॉलेजात त्यांचं शेवटचं वर्ष चालू होतं. त्या निवृत्त होण्याआधी एवढं तरी करू म्हणून संस्थेनं जुने गंजलेले खांब काढून नवे दिले होते. काळुरामनं ते सकाळीच रोवले होते आणि जाळी ताणली होती, आणि बाईंना ती काही केल्या पटत नव्हती. काळुराम त्यांच्याइतकाच जुना शिपाई. तो वाद घालत बसला नाही. त्यानं खिशातून टेप काढला आणि मधोमध धरला.

“तीन फूट. बघा.”

बाईंनी वाकून पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तीन फूट म्हणजे तीन फूटच होतं.

“मग जुनी किती होती?” त्यांनी विचारलं.

जुनी जाळी मधल्या पट्ट्यानं जमिनीतल्या लोखंडी कडीला बांधलेली असे. कडी दगडात पक्की बसवलेली, पट्टा ठरल्या मापाचा. म्हणून जाळीची उंची मोजायची गरज कुणाला कधी वाटलीच नाही. फक्त दरवर्षी काळुराम त्या कडीभोवतीची माती बोटांनी उकरून मोकळी करायचा. ती माती तिथं का साठते, हा प्रश्न ना त्याला पडला ना बाईंना.

काळुराम कडीपाशी कुदळीनं खणू लागला. वीतभरही खणलं नसेल, तोच चुन्याची पांढरी रेघ लागली. पहिल्या वर्षी आखलेली. तिच्यापासून वरपर्यंत त्यानं बोटं लावून मोजलं.

“सा बोटं हाय, बाई. जमीन सा बोटं वर आलीय.”

म्हणजे जाळी सहा बोटं खाली गेली होती. आणि त्यांच्या पोरी त्या बुटक्या जाळीवर वर्षानुवर्षं शिकून मुंबईला खेळायला जात होत्या.

१९७१ साली विमलबाई इथं शारीरिक शिक्षणाच्या बाई म्हणून रुजू झाल्या, तेव्हा प्राचार्यांनी त्यांना बोलावून विचारलं होतं, “मुलींना मातीत लोळावं लागणार नाही आणि ओरडावं लागणार नाही, असा एखादा खेळ आहे का?” कबड्डीला गावातली मंडळी कुंपणावर बसून राहतात, ही त्यांची काळजी. बाईंनी टेनिसचं नाव घेतलं. प्रशिक्षणाच्या वर्षात महिनाभर हातात रॅकेट धरली होती, एवढाच त्यांचा टेनिसशी संबंध. पण एकदा तोंडातून गेलं ते गेलं. पुढची सगळी उमर त्यांनी ते निभावलं. पुस्तकं वाचली, रॅकेटच्या तारा स्वतः ओवल्या, साडीचा पदर खोचून पहाटे पोरींबरोबर धावल्या. लग्नाचं राहून गेलं, त्याची त्यांनी फारशी खंतही केली नाही.

कोर्ट बांधलं खाडीकाठच्या खारेपाटातल्या मिठागरवाल्यांनी. जमीन सपाट आणि टणक करावी तर त्यांनीच. पायांनी तुडवून, वर चोपणं मारून मारून ते मिठागराचा तळ असा करतात, की पाण्याचा थेंबही झिरपू नये. पाऊस गेला आणि मिठागरं सुरू व्हायला अवकाश असला, की त्यांचा पुंडलिक म्हात्रे चारपाच माणसं घेऊन यायचा. पावसानं जमिनीची चाळण केलेली असे. तीवर खाडीची चिकणमाती अंथरायची, तुडवायची, चोपायची. पुंडलिकच्या मागे त्याची दहा वर्षांची हौसा डोक्यावर पाटी घेऊन यायची. एकदा तिनं लांबून ढेकूळ भिरकावून कावळ्याला नेमकं उडवलं आणि बाईंनी तिला तिथंच हेरलं. पुढं बारावी होऊन ती कॉलेजात आली, तेव्हा बाई जणू तिची वाटच पाहत होत्या.

तशी पोरगी पुन्हा झाली नाही. हात लांब, नजर तेज, आणि चेंडू असा सपाट मारायची की जाळीला चाटून जायचा. पंच्याऐंशी सालच्या जानेवारीत ती मुंबईला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोचली. पेणचं नाव तिथवर कधीच गेलं नव्हतं. आणि त्या दिवशी हौसाचे चेंडू एकामागून एक जाळीच्या पट्टीवर आदळत राहिले. मध्यंतरात ती घामाघूम होऊन बाईंकडे आली होती.

“बाई, इथली जाळी उंच हाय.”

“जाळी सगळीकडे सारखीच असते.”

“नाय बाई, खरंच उंच हाय. मापून बगा ना.”

“कारणं सांगू नकोस, हौसा! मुंबई बघितली की हातपाय गळतात तुमचे. घाबरट कुठली!”

हौसा हरली. परतीच्या एस.टी.त ती खिडकीशी तोंड करून बसली होती आणि बाईंनीही तिची समजूत काढली नाही. त्यानंतर तिनं रॅकेट हातात धरली नाही. परीक्षा झाली, लग्न झालं, रोह्याला गेली. आणि बाईंनी आणखी सतरा वर्षं प्रत्येक तुकडीला तेच ऐकवलं, की गावातल्या पोरींना मुंबईत दम धरवत नाही.

“पुंडलिक हल्ली कुठे असतो रे?” खड्ड्याकडे बघत बाईंनी विचारलं.

“रोह्याच्या पल्याड, अष्टमी गावाला. लेकीकडं. गुडघं गेलं त्याचं. हौसाचा कालेज सपला त्याच साली गेलं. मंग कुनी माती टाकलीच नाय, नुसता पानी मारून रोलर फिरवतो मी.” काळुराम खड्ड्यात वाकला. “ह्या बगा, बाई. वरचं तीन थर केवडं जाड हायती.”

खड्ड्याच्या कडेला थर स्पष्ट दिसत होते. खालचे पातळ, नखाएवढे. वरचे तीन मात्र एकेक बोटभर जाड. हौसा तीन वर्षं कॉलेजात होती. बाईंना त्या वर्षांचा पुंडलिक आठवला. एरवी दोन दिवसांत उरकणारं काम तो आठ आठ दिवस करायचा आणि वर म्हणायचा, “माझी पोर पडली तं गुडघा फुटायला नको, बाई.”

दुसऱ्या दिवशी रविवार होता. बाईंनी रोह्याची एस.टी. धरली. नागोठणं जाईपर्यंत त्यांनी काय बोलायचं ते मनात चार वेळा जुळवलं आणि चार वेळा मोडलं. नुसती जाळीची गोष्ट असती तर सोपं होतं. त्या सामन्यानंतर महिन्याभरात मुंबईच्या एका बँकेच्या क्रीडाविभागातून कॉलेजात फोन आला होता. त्यांना महिला संघासाठी मुली हव्या होत्या, नोकरीसकट. म्हात्रे नावाची मुलगी कशी आहे, असं त्या गृहस्थांनी विचारलं. बाई खोटं बोलणाऱ्यांपैकी नव्हत्या. “खेळ उत्तम आहे. पण ताण आला की कच खाते,” असं त्यांनी सांगितलं. पुन्हा फोन आला नाही, आणि हौसाला त्यांनी हे कधी कळू दिलं नाही.

रोह्याला उतरून कुंडलिका नदीचा पूल चालत ओलांडून त्या अष्टमीत शिरल्या. हौसाचं दुकान विचारताच सापडलं. पोहे, पापड, मिरगुंडं. नवरा कंपनीत पहिल्या शिफ्टला गेलेला. हौसा गल्ल्यामागे बसून मिरगुंडांच्या पिशव्या बांधत होती. अंगानं भरली होती, कानाजवळ केस पांढरे झाले होते. बाईंना बघून ती ताडकन उठली, शाळकरी पोरीसारखी.

“अगो बाय! बाई, तुमी? बसा बसा. च्या ठेवते.”

“चहा नंतर. आधी माझं ऐक.”

बाई बसल्याच नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी सांगितलं. खांब, कडी, चुन्याची रेघ, सहा बोटं. हौसाचे हात पिशवीवर थांबले होते.

“म्हंजे उंच व्हती,” ती हळूच म्हणाली.

“ती बरोबर होती. आपली बुटकी होती. तू सांगितलंस ते खरं होतं.”

“मंग तवा का नाय मापली, बाई?”

सतरा वर्षांनी विचारलेला तो प्रश्न अगदी साधा होता आणि बाईंकडे त्याचं साधंच उत्तर होतं. ते द्यायला मात्र त्यांना जड गेलं.

“माझं चुकलं असेल, असं माझ्या मनातच आलं नाही गं. पोरगी हरतेय म्हणून खोटं बोलते, एवढंच वाटलं.”

हौसानं पिशवी बाजूला ठेवली. बाईंनी मग उरलेलंही सांगून टाकलं. बँकेचा फोन, आपलं उत्तर. बोलताना त्यांचा आवाज फुटला. तीस वर्षं मैदानावर ओरडून कमावलेला तो आवाज, पण त्या दिवशी तो कामी आला नाही.

हौसानं एकदम मान वर केली.

“माझा नाव घेऊन इचारलावता?”

“हो. तुझंच.”

“बँकेवाल्यांनी? मी हरली व्हती तरी?”

“हरलीस तरी.”

हौसाच्या चेहऱ्यावर क्षणभर जे आलं, ते रागाचं नव्हतं. त्यापेक्षा राग परवडला असता. विशीतली पोरगी आपलं नाव पुकारलेलं ऐकून वर बघते, तशी ती बघत होती. मग तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते पदरानं खसाखसा पुसले.

“सगल्यांना सांगत आली मी, बाई,” ती म्हणाली. “नवऱ्याला, सासूला. पोरींना पन. मी लय घाबरट व्हती म्हनून.”

“आता सांग की तसं नव्हतं. मी सांगते. तुझ्या वडलांपासून सुरुवात करते. कुठे आहेत?”

“हलू बोला!” हौसानं घाईनं बाईंचा हात धरला. “बा आत हाय. त्याला नको, बाई. माती त्यानं टाकलीय.”

बाईंनी आतल्या दाराकडे पाहिलं. हे त्यांना कळायला हवं होतं.

“कोन आलाय गो?” आतून म्हाताऱ्याचा आवाज आला.

“कालेजातल्या बाई आल्यात, बा.”

“मोकलबाई? आन ना त्यांना आत!”

पुंडलिक खाटेवर भिंतीला टेकून बसला होता. पायांवर चादर होती. बाईंना बघून त्याचा सगळा चेहरा हसला.

“बाई, आपला मैदान कसा हाय?”

“चांगलं आहे,” बाई म्हणाल्या.

“माझी माती धरून हाय ना? भेगा नाय ना पडल्या?”

“एकही नाही.”

“नायच पडाच्या!” तो खूश झाला. “पोरीच्या वक्ताला मी डबल टाकली व्हती. बाकीचं बोलाचं, पुंडल्या, बास कर. मी बोल्लू, माझी पोर खेलतेय त्याच्यावर. आता पाय नाय चालत, नुसता बसून ऱ्हातू. पन तो मैदान हाय, ह्यो इचार केला का बरा वाटतो.”

बाईंनी मान हलवली. त्यांना हौसाकडे बघवेना.

“आन मंगाशी भायेर काय बोलत व्हत्याव? मुंबय मुंबय आयकू आला मना.”

बाईंनी बोलायला तोंड उघडलं, पण हौसा आधी बोलली.

“तीच आपली गोष्ट, बा. मी मुंबईला घाबरली व्हती ती.”

पुंडलिक खो खो हसला. “घाबरटच हाय ती पयल्यापासून! मिठागरात चिंबोरीनं नांगी उगारली तरी बोंबलाची. इच्यारा तिला!”

“व्हय, बा,” हौसा हसून म्हणाली, आणि वाकून तिनं त्याच्या पायांवरची चादर सारखी केली.