मांडीखालचे हात

मी शर्टाच्या कारखान्यात चेकर आहे. दिवसाला चारशे शर्ट हाताखालून जातात, एक उसवलेलं काज नजरेतून सुटत नाही. त्यामुळे 'तुम्हाला दिसतंय ते नाहीच' असं कुणी म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. डॉक्टरांनी नेमकं तेच म्हटलं.

"मुलीला काही झालेलं नाही हो. थोडी वेंधळी आहे. मुली असतात अशा, आपल्याच तंद्रीत."

सोमवारपर्यंत लक्ष टिकत नसल्याचा डॉक्टरांचा कागद दिला तर चिमीला परीक्षेत जादा वेळ, नाहीतर याच वर्गात आणखी एक वर्ष, असं शाळेने सांगून ठेवलं होतं. पोरगी हुशार आहे. गणित तोंडी विचारा, चटकन सांगेल. लिहायला बसली की तिसऱ्या ओळीत हरवते. एकदा तर एका पायात बूट आणि दुसऱ्यात चप्पल घालून शाळेत गेली.

तिच्या दादाला हाच कागद तीन वर्षांपूर्वी पाऊण तासात मिळाला. तो याच टेबलावर चढला होता, खिडकीचा पडदा त्याने ओढून फाडला होता. तेव्हा दादाच्या वर्गाच्या बाईंनी भरलेला तोच फॉर्म आता चिमीच्या बाईंनी भरला. जागेवरून सारखी उठते का? नाही. इतरांना त्रास देते का? नाही. वीस प्रश्न, वीस वेळा नाही. दुसऱ्यांच्या डोक्याला किती ताप होतो, एवढंच त्या फॉर्मला कळतं. तिच्या डोक्याला काय होतं ते विचारायची कुणाला गरज वाटली नाही.

"म्हणजे पडदा फाडला असता तर कागद मिळाला असता?" मी विचारलं.

"चिडू नका. तुम्हीच बघा, अर्धा तास झाला, जागची हललेली नाही."

मी बघितलं. पोरगी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली होती.

"चिमे, हात दाखव."

तिने हात काढले. तळवे लालबुंद, वेताच्या खुर्चीची जाळी त्यांवर उमटलेली. डॉक्टर पहिल्यांदाच पुढे झुकले.

"अशी का बसतेस गं?"

"हात सोडले की हलतात. मग पायपण. म्हणून दाबते आणि मनात आकडे म्हणते."

"आणि तेव्हा बाई काय शिकवतात?"

"ते नाही ऐकू येत."

"कुणी शिकवलं असं बसायला?"

"आईने. आई म्हणते, मुलीच्या जातीने चुळबुळ करू नये."

खोटं नव्हतं. दादा उड्या मारायचा तेव्हा मी त्याला बाहेर खेळायला पिटाळायचे. हिचे हात मात्र मीच मांडीखाली घालून द्यायचे, आणि पाहुणे 'किती गुणी' म्हणाले की मीच मिरवायचे. सकाळपासून मी बाईंच्या आणि डॉक्टरांच्या नावाने दात खात होते. तो राग अजूनही आहे, फक्त आता त्यात माझाही वाटा आहे.

डॉक्टरांनी नवा फॉर्म घेतला. लिहिता लिहिता अडले, माझ्याकडे बघू लागले.

"आईने शिकवलं, तेही लिहा," मी म्हटलं.

त्यांनी लिहिलं. मी वळून बघितलं, तर चिमीचे हात पुन्हा मांड्यांखाली गेले होते. मी ते ओढून बाहेर काढले.