हांड्याची दोरी

सूर्यमाळच्या त्या पाड्यावर दोरी हांड्याची असते, पोराची नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढं कुणी फागूच्या पोरीला वेडी म्हणायला नको.

होळी झाली की विहिरीचं पाणी तळाला जातं. कडेचे दगड इतके ढिले की मोठ्या माणसाचा पाय पडला तर सगळंच कोसळेल. म्हणून हलकं पोर उतरवतात. उतरताना दोरी पोराच्या कमरेला, हांडा हातात. तळाला टेकलं की पोरानं गाठ सोडायची, तीच दोरी हांड्याला बांधायची, वाटीवाटीनं पाणी भरायचं आणि ओरडायचं, "ओढा!" दोन दोऱ्याही सोडून बघितल्या. एकमेकींत अडकल्या आणि ढिला दगड पोराच्या डोक्यावर घेऊन आल्या. तेव्हापासून एकच. शेवटचा हांडा वर गेला की पोर खाचांत बोटं घालून, दोरीशिवाय, आपलं आपण वर येतं.

गेल्या उन्हाळ्यात भिकाची हिरी अशीच वर येताना पडली. आठ वर्षांची होती. पंचनामा झाला. साहेब नाकाला रुमाल लावून विहिरीत डोकावले आणि टँकर येईल म्हणाले. टँकर काही आला नाही. हिरीच्या जागी फागूची योगिता उतरू लागली. सहा वर्षांची. पाड्यात उतरण्याजोगी तेवढीच हलकी उरली होती.

तेव्हापासून फागूच्या घशाखाली ते पाणी उतरेना.

दिवाळीनंतर तो जव्हारच्या जहीर सुताराबरोबर ठाण्याला कामाला गेला. एका मोठ्या हॉलमध्ये फळ्या उभ्या करून दोन मजली भिंत बांधायची होती आणि तिच्यावर रंगीत प्लास्टिकचे दगड बोल्टानं आवळायचे होते.

"जहीरभाई, हे कशाला?"

"पोरं चढणार. पाच ते आठ वर्षांची. आईबाप फी भरून चढवणार."

"चढून वरून काय आणणार?"

"काय नाय. वर घंटा आहे, ती वाजवायची अन् खाली यायचं." जहीर पोट धरून हसला. फागूला हसू आलं नाही.

काम संपता संपता जहीरनंच बातमी आणली. हॉलवाली संस्था एका गरीब पोराला फुकट घेणार होती. चढाई शिकवणार, शिवाय ठाण्यातच वसतिगृह, शाळा, दोन वेळचं जेवण. "तुझी योगिता वयात बसते, फागू. आण तिला."

रामीनं, फागूच्या बायकोनं, ऐकलं आणि एवढंच म्हणाली, "भिंतीवर चढवा नायतर झाडावर, पन तिला त्या विहिरीतून काढा."

शेजारची पारू दारातूनच बोलली, "व्हय, पोरगी ठाण्याला. मंग आमच्या पाण्याला कोन उतरंल?"

"तू उतर. बारीक झालीस का?" रामी म्हणाली. पारू दारातून मागं सरली. पोरगी तिलाही होती, चार वर्षांची.

जानेवारीतल्या एका रविवारी जीपनं मोखाडा, तिथून एसटीनं फागू पोरीला घेऊन ठाण्याला पोचला. जहीर दारात उभाच होता. आत गुबगुबीत पोरं, पायांत बूट, आया पाण्याच्या बाटल्या घेऊन मागं मागं. एकानं दोन घोट पिऊन उरलेलं पाणी हातावर ओतलं. योगिता त्या ओघळाकडं बघत राहिली.

शिकवणाऱ्या सरांनी तिच्या कमरेला पट्टा घातला, दोरीची गाठ मारली. "घाबरायचं नाही बाळ. दोरी आहे."

घाबरते कसली! अनवाणी, घोरपडीसारखी वर गेली. तिच्या आधीची दोन पोरं अर्ध्यात रडून उतरली होती. हॉल टाळ्या वाजवायला लागला.

"कुठं शिकली हो ही?" सरांनी विचारलं.

"घरीच," फागू म्हणाला. त्याचा ऊर भरून आला होता.

वरच्या कठड्यावर योगिता उकिडवी बसली. घंटेकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. तिनं कमरेची गाठ दातांत धरली.

"ए! गाठीला हात लावू नको!" सर किंचाळले.

भिजल्या गाठी सोडणारी पोर ती; कोरडी गाठ किती वेळ टिकणार? सुटलेलं टोक तिनं खाली भिरकावलं. ते अर्ध्यात लोंबकळत राहिलं. मग विहिरीतून येतो तसल्या आवाजात ती ओरडली, "बा, हांडा बांध!"

एका बाईनं आपल्या पोराचे डोळे झाकले. खाली बघून, हांडा नाही म्हटल्यावर, योगिता दोरीशिवाय उतरून आली आणि फागूच्या पायाशी उभी राहिली.

संस्थेच्या मॅडम त्याला बाजूला घेऊन गेल्या. "मुलगी छान चढते. पण आम्ही नाही घेऊ शकत. तिचं बघून उद्या दुसऱ्या मुलांनी दोरी सोडली तर?"

"एकदा सांगा तिला, बाई. शिकंल ती."

"हे काय सांगायला लागतं का हो?"

जहीरला राहवलं नाही. त्यानं विहीर सांगितली, हिरी सांगितली. मॅडमच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. म्हणाल्या, "सहा वर्षांच्या मुलीला विहिरीत सोडता? आईबाप आहात की कोण आहात तुम्ही?"

आणि बिस्किटाचा पुडा दिला. जागा दिली नाही.

एसटीत योगितानं विचारलं, "बा, वर पानीच नव्हतं. मंग मला कशाला चढवलं?"

फागूनं तिला खिडकीकडं सरकवलं.

"माजं चुकलं का?"

"नाय," तो म्हणाला. पुडा त्याच्या हातात तसाच होता, न फोडलेला.

होळी झाली. पाणी तळाला गेलं. कडेला हांड्यांची रांग लागली, पहिला पारूचा. फागूनं पोरीच्या कमरेला दोरी स्वतः बांधली, सरांनी मारली होती तशी, दोनदा आवळून.

"योगे, आज गाठ सोडायची नाय. कायबी झालं तरी."

"बरं."

तो दोरी सोडत गेला. ती तळाला टेकली. बायका उभ्या. पारू हांड्याच्या काठावर नख वाजवत होती, कुणाकडं न बघता.

खालून आवाज आला, "बा, मंग हांडा कशानं बांधू?"

फागूनं रामीकडं बघितलं. रामीनं मान खाली घातली.

"सोड," तो म्हणाला.

त्याच्या हातातली दोरी हलकी झाली.