जिराफाची हिरवी रेघ

मित्रांनो, मी एक जुनी, उंची मोजायची कागदी पट्टी आहे. माझ्या अंगावर घड्यांच्या सात खुणा आहेत. मुंबईत, चारकोपच्या सेक्टर पाचमधल्या एका घरात, बाहेरच्या खोलीत, टीव्हीसमोरच्या भिंतीवर मी चिकटलेली आहे. माझ्या कडेने एक पिवळा जिराफ उभा आहे. त्याची मान वर आणि नजरही वर. त्याचे डोळे तेच माझे डोळे, त्यामुळे मला माझ्या पायाखाली कधी पाहता आले नाही. एवढे लक्षात ठेवा. पुढे ते लागणार आहे.

माझा जन्म अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका छापखान्यात झाला. साठपासून दीडशेपर्यंतचे आकडे अंगावर उमटले तेव्हा मला फार अभिमान वाटला. यंत्रावरच्या मार्तंडकाकांनी स्टीलची फूटपट्टी लावून पाहिली आणि म्हणाले, "सेंटीमीटर बरोबर आहेत." मग हिरव्या शाईच्या रेघा उमटल्या. पाच वर्षे, सहा वर्षे, सात वर्षे. प्रत्येक रेघेपुढे लिहिले होते, 'या वयाची खरी उंची'.

काका शेजारच्या यंत्रावरच्या माणसाला म्हणाले, "ही छपाईची प्लेट दुसऱ्यांदा केली. कंपनीच्या साहेबांना हिरव्या रेघा वर पाहिजे होत्या."

"का रे?"

"शंभरातली नव्वद पोरं रेघेच्या खाली दिसायला पाहिजेत म्हणाले."

दोघे हसले. मला काही कळले नाही. माझे सेंटीमीटर बरोबर होते, तेवढे मला पुरेसे होते.

मला घड्या घालून 'झेपीज'च्या खोक्यात ठेवले. झेपीज म्हणजे चॉकलेटी रंगाची गोड, कुरकुरीत कडी, सकाळी दुधात टाकून खायची. दुकानात आमचे खोके मधल्या फळीवर असायचे. खोक्यावरचा जिराफ खाली पाहायचा, थेट सात वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांत. खोक्याची मागची बाजू मोठ्या माणसांसाठी होती. तिथे पांढरा कोट घातलेली एक बाई होती आणि लोह, कॅल्शियम अशा शब्दांपुढे 'बरोबर'च्या खुणा होत्या. साखर किती हेही लिहिले होते, पण खोक्याच्या बुडाशी आणि मोहरीएवढ्या अक्षरांत.

जाहिरातीचेही तसेच होते. आधी ती मुलांशी बोलायची. वर्गातला सगळ्यांत बुटका मुलगा उडी मारून शाळेची घंटा वाजवायचा आणि जिराफ नाचायचा. शेवटची पाच सेकंदे आयांची असत. गाणे थांबायचे आणि एक मऊ आवाज विचारायचा, "तुमचं मूल मागे तर नाही ना?"

फेब्रुवारीत मला तेजलने घरी आणले. तेजल सात वर्षांची, प्रार्थनेच्या रांगेत सगळ्यांत पुढे उभी राहणारी. रांगेत पुढची म्हणजे वर्गातली सर्वांत बुटकी. तिला फक्त एक जागा मागे जायचे होते. तिचे बाबा अंबादास वीज कंपनीत वायरमन आहेत, नेटक्या हाताचे. माझ्या पायाशी 'जमिनीपासून साठ सेंटीमीटर वर चिकटवा' अशी सूचना होती. त्यांनी टेपने मोजून, पेन्सिलीची खूण करून मला बरोबर साठवर चिकटवले.

तेजलची आई दीप्ती रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. तिचा आकड्यांवर विश्वास. तिने तेजलला माझ्याशी उभे केले, डोक्यावर वही आडवी धरली आणि पेन्सिलीने लिहिले: ११६. सात वर्षांची हिरवी रेघ होती १२४ वर.

दीप्ती बराच वेळ त्या आठ सेंटीमीटरच्या मोकळ्या जागेकडे पाहत राहिली.

"काहून एवढं मनाला लावून घेतं वं?" तेजलची आजी म्हणाली. सोनूबाई विदर्भातल्या मेहकरकडच्या. "तिचा आजा काय खजुराचं झाड होता? आपल्यात समदे असेच."

"आई, पट्टीवर लिहिलंय," दीप्ती सासूला म्हणाली.

"पट्टीनं आपलं खानदान पाह्यलं काय?"

दुसऱ्या दिवसापासून सोनूबाईंची दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकर बंद झाली आणि झेपीज सुरू झाले. मला वाईट वाटले नाही. मी मोजणारी, आणि मोजणाऱ्याने बाजू घ्यायची नसते, असे मी समजत होते. मी त्या दिवशीही एका बाजूची होते, हे मला माहीत नव्हते.

मे महिन्यात तेजल आजीबरोबर मेहकरला गेली. इकडे अंबादासांनी घरात नवी लादी बसवायला काढली. लादीवाले राजेशभाई म्हणाले, "जुनी फोडायची कशाला? वरूनच नवीन मारतो. दोन दिवसांत काम झकास." सगळ्या सेक्टरमध्ये असेच करतात. जुन्या लादीवर सिमेंटचा थर आणि त्यावर नवी चकचकीत लादी. दारे घासायला लागली म्हणून सुताराने ती खालून कापली. माझ्यावर प्लास्टिक टाकले होते. मला नुसते आवाज ऐकू आले. जिराफाची नजर वरच होती.

जूनमध्ये तेजल परत आली. बॅग टाकून, चप्पल काढून ती आधी माझ्याकडे धावली. दीप्तीने वही धरली आणि लिहिले: १२०.५.

"साडेचार सेंटीमीटर," दीप्ती हळू म्हणाली. "तीन-चार महिन्यांत."

"झेपीज, झेपीज," तेजल नव्या लादीवर नाचली. "आता मी पुढे नाही उभी राहणार."

सोनूबाईंनी नातीला खालून वर निरखले. "मले तर तेवढीच दिसते," त्या म्हणाल्या. कोणी लक्ष दिले नाही. आणि मित्रांनो, त्या घरात तेव्हा तेवढ्या एकट्याच बरोबर होत्या.

दीप्तीने मोजतानाचा व्हिडिओ काढून, खोक्यावर छापलेल्या कंपनीच्या स्पर्धेला पाठवला. पंधरा दिवसांत जाहिरात बनवणाऱ्या ऋता मॅडम कॅमेरावाल्या चौघांना घेऊन घरी आल्या. गोड बोलणाऱ्या होत्या. "दीप्तीताई, तुमचा लॅबचा कोट आहे ना? तो घाला."

"मी डॉक्टर नाहीये. टेक्निशियन आहे."

"कोटावर कुठे लिहिलेलं असतं? आणि एकच वाक्य बोलायचं. 'मी आकड्यांवर विश्वास ठेवते.'"

"ते तर खरंच आहे," दीप्ती म्हणाली, आणि कोट घालून आली.

वाटीत दुधाऐवजी पांढरा गोंद ओतला, कारण दुधात झेपीज दोन मिनिटांत मऊ पडते आणि कॅमेऱ्यात ते बरे दिसत नाही. सोनूबाई दारातून बघत होत्या. "हे खायचं न्हाई काय मंग?"

"आजी, हे फक्त बघायचं," ऋता मॅडम हसून म्हणाल्या.

तेजलने वाटी हातात धरून तोंडभर हसून दाखवले. मग ती माझ्याशी उभी राहिली. कॅमेरा १२०.५ या आकड्याजवळ आला, इतका जवळ की माझ्या कागदाचे तंतू दिसले असतील. एवढे कौतुक माझे आयुष्यात कधी झाले नव्हते.

ऑगस्टमध्ये जाहिरात लागली. सगळा सेक्टर दीप्तीला ओळखू लागला. शेजारच्या सुनंदाकाकूंनी त्यांच्या नातवासाठी, ओजससाठी, तीन खोकी आणली. त्यांच्या भिंतीवर माझीच एक बहीण चिकटली. ओजस रेघेखाली निघाला आणि रडला, ते मी भिंतीपलीकडून ऐकले.

शाळेत तेजल रांगेत तिसरी जाऊन उभी राहायची. बाई पुन्हा पुढे पाठवायच्या. ती म्हणायची, "मी वाढलेय. टीव्हीवर बघा."

सप्टेंबरमध्ये शाळेत आरोग्य तपासणी झाली. त्या दिवशी तेजल घरी आली ती दप्तर न काढताच माझ्यासमोर उभी राहिली. तिच्या हातात कार्ड होते. उंची ११८.५.

"सगळे म्हणाले, टीव्हीवर खोटं बोललीस," ती म्हणाली. "आई, मी खोटं बोलले का?"

"नाही. शाळेचं माप चुकलं असेल," दीप्ती म्हणाली आणि तिने वही घेतली. माझ्यावर १२१.५ आले, ते तिने लिहिले. दोघींना हायसे वाटले. मलाही वाटले.

पण दीप्तीचा हात वहीवरच थांबला. तिच्या लॅबमध्ये रोज सकाळी रुग्णांचे रक्त तपासण्याआधी, ज्याचे उत्तर आधीच माहीत आहे असा एक नमुना यंत्रात घालतात. यंत्राने त्याचे उत्तर बरोबर दिले तरच पुढे काम. दहा वर्षे हे काम करणाऱ्या दीप्तीने माझी अशी परीक्षा कधीच घेतली नव्हती. तिने अंबादासांच्या पिशवीतून स्टीलचा टेप काढला, जमिनीला टेकवला आणि माझ्या साठच्या आकड्यापर्यंत ओढला.

सत्तावन्न.

तिने पुन्हा मोजले. मग ती खाली बसली आणि दाराच्या कापलेल्या कडेकडे पाहू लागली.

"अहो," तिने हाक मारली. "आपली लादी किती जाड बसली?"

अंबादास चहाचा कप घेऊन बाहेर आले. "असेल इंच, सव्वा इंच. का गं?"

"तेजल दीडच सेंटीमीटर वाढली होती. बाकीची तीन लादी होती."

तेजलने आधी लादीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"हिने मला फसवलं," ती म्हणाली.

मित्रांनो, ते वाक्य मी अजून विसरले नाही. माझे सेंटीमीटर बरोबर होते. पण मी कुठे उभी आहे हे मला माहीत नव्हते, आणि माझ्यावरच्या हिरव्या रेघा कोणी आणि कशासाठी वर सरकवल्या, हे मार्तंडकाकांच्या तोंडून ऐकूनही मी समजून घेतले नव्हते. त्या क्षणी ते हसणे मला समजले. मला वाटत होते मी माप आहे. मी खोक्यातली जाहिरातच होते, फक्त भिंतीवर चिकटवलेली.

दीप्तीने लगेच ऋता मॅडमना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. लादीची सगळी हकीकत सांगून म्हणाली, "मॅडम, आकडा चुकीचा आहे. ती जाहिरात थांबवा."

"दीप्तीताई, त्यात चुकीचं काय आहे?" ऋता मॅडमचा आवाज तसाच गोड होता. "झेपीजमुळे उंची वाढली, असं आपण कुठे म्हटलंय? तेजल झेपीज खाते, हे एक वाक्य. तेजल वाढली, हे दुसरं. दोन्ही खरी आहेत."

"पण ऐकणारा ती जोडतो."

"ते ऐकणारा जोडतो ना. आपण नाही."

"आणि आकडा? तो तर दाखवलाय तुम्ही."

"पट्टी तुमच्या घरातली, मोजलं तुम्ही. आणि बारीक अक्षरांत लिहिलंय की परिणाम वेगळे असू शकतात. तुम्ही सही केलीत तेव्हा वाचलं असेलच." मग त्या म्हणाल्या, "तेजलला माझं लव्ह सांगा."

फोन बंद झाला. दीप्तीने तो कोट जूनपासून मोठ्या अभिमानाने दाराच्या खिळ्याला लावला होता. तो तिने काढला आणि घडी करून कपाटात ठेवला.

मला वाटले आता मला फाडणार. तेजल म्हणालीच, "फाड तिला, आई."

"नको," दीप्ती म्हणाली. "लॅबमध्ये चुकलेला आकडा कुणी फाडत नाही, खोडत पण नाही. चूक काय झाली हे दिसलं पाहिजे." तिने पेन घेतला, १२०.५ वर एकच आडवी रेघ मारली, शेजारी ११७.५ लिहिले, सही केली, तारीख घातली. १२१.५ चेही तसेच केले. मग तिने शाळेच्या कार्डामागचा वाढीचा तक्ता पाहिला; तिथे सात वर्षांची सर्वसाधारण उंची माझ्या हिरव्या रेघेच्या बरीच खाली होती. तिने माझ्या सगळ्या हिरव्या रेघांवर एकेक काळी रेघ मारली आणि शेजारी लिहिले, 'ही खरी उंची नाही'. तिथेही सही आणि तारीख.

मग तिने सुनंदाकाकूंना बोलावले. सगळे सांगितले, काही राखून ठेवले नाही.

"म्हणजे आमचा ओजस कमी नाहीये?" काकूंनी विचारले.

"नाही हो. रेघच खोटी आहे."

"मग तुझ्याच तोंडून ऐकलं म्हणून तर आणली ना गं मी खोकी," काकू म्हणाल्या. त्यात राग कमी होता, म्हणून ते दीप्तीला जास्त लागले. दुसऱ्या दिवशी ती तेजलबरोबर शाळेत गेली आणि बाईंसमोर, मुलांसमोर म्हणाली, "चूक माझी होती. तेजल खोटं बोलली नव्हती." तेजल पुन्हा रांगेत पुढे उभी राहू लागली. सकाळी भाकर-दूध पुन्हा सुरू झाले. सोनूबाईंनी त्यावरून एक शब्दही ऐकवला नाही, आणि अंबादास म्हणाले की आई गप्प बसली हेच नवल.

पण जाहिरात चालूच आहे. रोज संध्याकाळी समोरच्या टीव्हीत मला मी दिसते. तिथे माझ्यावर काळी रेघ नाही, सही नाही. तिथली तेजल गोंदाची वाटी धरून हसते आणि माझ्यावरचा १२०.५ हा आकडा सगळ्या घरांत पोहोचतो. हजारो घरांत माझ्या बहिणी चिकटल्या असतील आणि हजारो मुले रेघेखाली उभी असतील. त्यांना हाक मारून सांगावेसे वाटते. पण कागदाला आवाज नसतो, आणि टीव्हीचा आवाज मोठा असतो.

अंबादासांनी मला तीन सेंटीमीटर वर चिकटवतो म्हटले तेव्हा तेजल नको म्हणाली. ती चार महिने माझ्याजवळ उभी राहिली नाही. मग तिचा आठवा वाढदिवस आला. त्या संध्याकाळी ती एकटीच आली, हातात बाबांचा स्टीलचा टेप. गुडघ्यांवर बसून तिने तो लादीला टेकवला, माझ्या साठपर्यंत ओढला आणि पुटपुटली, "सत्तावन्न. तीन वजा."

मगच ती माझ्याशी टेकून उभी राहिली.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. कोणी तुम्हाला सांगितले की तुम्ही कमी आहात, तर आधी त्याची रेघ कोणी काढली ते विचारा. तुमच्या घरच्या मोठ्यांनाही विचारायला लावा. माझ्यासारख्या पट्ट्यांना फाडू नका, पण त्यांच्यावर डोळे मिटून विश्वासही ठेवू नका.

आता तेजल दर महिन्याला येते. आधी ती मला मोजते. मग मी तिला मोजते. ते दर वेळी माझ्या मनाला लागते, आणि दर वेळी मी ताठ उभी राहते.