करंगळीचं शेवटचं पेर

गुंडेरावकाकांना चोर म्हणणाऱ्याची जीभ झडो, असं मी त्या सकाळी मनात तीनदा म्हटलं. मोठ्याने म्हणायची हिंमत नव्हती, कारण म्हणणारा आमचा सुपरवायझर निंगप्पा होता.

कोळारच्या गोदामात आम्ही स्टीलचे चमचे भरतो. बारा चमच्यांची जुडी, बारा जुड्यांचं खोकं. म्हणजे एकशे चव्वेचाळीस. मैलूरचे गुंडेरावकाका तीस वर्षं हेच काम करतात. डाव्या हाताने चमचा उचलायचा, उजव्या अंगठ्याने त्याच हाताच्या बोटाचं एक पेर दाबायचं. चार बोटांची तीन-तीन पेरं संपली की रबर चढवायचं. तोंडाने आकडा म्हणायचाच नाही. जुड्याही तशाच मोजायच्या. मला त्यांनीच शिकवलं.

"बारा लई मायाळू हाय, संध्या," ते म्हणायचे. "दोघांत वाट, तिघांत वाट, चौघांत वाट, सहांत वाट, कुणी उपाशी ऱ्हात न्हाई. तुझ्या दहाला तिघांत वाटून दाखव बरं!"

त्या दिवशी एका दुकानदाराकडून काकांनी भरलेली तीन खोकी परत आली. निंगप्पाने सगळ्या जुड्या सोडून ढीग केले आणि स्वतः मोजले. प्रत्येक खोक्यात तेवीस चमचे कमी.

"तीस वर्षांनी ही बुद्धी सुचली व्हय, गुंडेराव?" तो सगळ्यांसमोर म्हणाला. "चोराला इथं काम न्हाई. उद्यापासून येऊ नका."

काका उजवा हात खिशात घालून उभे राहिले. महिन्यापूर्वी शटर पडून त्यांच्या करंगळीचं टोक तुटलं, तेव्हापासून तो हात ते असाच लपवतात. जखम भरताच कामावर आले आणि "बोट गेलंय, डोकं हाय की," म्हणून उलट मलाच हसवलं.

माझं डोकं मात्र तापलं होतं. चोर काय दर खोक्यातून मोजून तेवीसच चमचे नेतो? एकशे चव्वेचाळीसातून तेवीस गेले, उरले एकशे एकवीस. अकरा अकरे एकशे एकवीस. मी काकांच्या खिशाकडे पाहिलं.

"अण्णा, जरा थांबा," मी निंगप्पाला म्हटलं. "काका, एक जुडी बांधा."

"कामून?"

"बांधा तर खरं."

त्यांनी नाइलाजाने हात बाहेर काढला. अंगठा भरभर पेरांवरून फिरला, करंगळीच्या दुसऱ्या पेरावर आला आणि पुढे बोटच नव्हतं म्हणून थांबला. रबर चढलं. ती जुडी मी निंगप्पाच्या हातात दिली.

त्याने चमचे मोजले. मग पुन्हा मोजले. अकरा.

"चुकलं माझं, गुंडेराव," तो खाली बघत म्हणाला. "सगळ्यांसमोर बोललो, सगळ्यांसमोरच माफी मागतो. उद्या या."

काकांना त्याचा आनंद झालेला दिसला नाही. ते त्या जुडीकडेच बघत होते.

"अकरा कुणालाच वाटता येत न्हाईत गं," ते म्हणाले.

मला रडू आलं. काकांनी रबर काढलं, चमचे मोकळे केले आणि पहिल्यापासून मोजायला घेतले. अकराव्या पेरावर अंगठा थांबला. मग तो सावकाश पुढे सरकला, नसलेल्या टोकाच्या जागी हवेतच टेकला. काकांचा चेहरा कसनुसा झाला.

"दुखायलंय का, काका?"

"जिथं बोट न्हाई, तिथंच दुखायलंय, पोरी." त्यांनी आणखी एक चमचा उचलून जुडीत ठेवला. "आता दुखलं की बारा."