नाथाच्या दारातली ताम्हणं

न खाता येणारं झाड आमच्या नानांना बघवत नाही. नाना म्हणजे माझे सासरे, सायखेड्याचे द्राक्षबागायतदार रावजी. सत्त्याण्णव साली गंगापूर रोडला आम्ही बंगला बांधला, तेव्हा दाराच्या चौकटीपासून मोरीच्या फरशीपर्यंत सगळं त्यांनीच पसंत केलं. मी हूं की चूं केलं नाही. पण फाटकाशी ताम्हण लावायचं, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. ऐन उन्हाळ्यात जांभळं फुलणारं. अख्ख्या घरात माझ्या मनाची एक तरी गोष्ट नको का?

"फुलं काय चाटायची हायेत? सीताफळ लाव," नाना म्हणाले. किशोरनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, लगेच पेपर उघडला. वडील बोलायला लागले की त्याला बातम्या आठवतात.

संक्रांत झाल्यावर नाना आम्हा दोघांना जीपमधून देवळाली कॅम्पच्या एका नर्सरीत घेऊन गेले. थंडीत पानं झडलेली झाडं तिथे उपटून, माती झटकून, मुळांना ओलं गोणपाट गुंडाळून विकत. सगळ्या नुसत्या काठ्या! नानांनी द्राक्षाचं रोप पारखावं तशी पारख सुरू केली. नखानं साल खरवडून आत हिरवं आहे का बघायचं, मुळं चारी बाजूंनी पसरलीत का बघायचं, एकाच बाजूला गेलेली असली की काठी बाजूला. मीही त्यांच्याकडे बघून एक छान सरळ ताम्हण हेरलं. नाना मात्र सीताफळाच्या ढिगाशी बसले होते.

मग मी एक थाप मारली. इतकी सफाईनं मारली की माझं मलाच कौतुक वाटलं.

"बरंच झालं नाना, ताम्हण नकोच. चांदोरीच्या नाथाभाऊंनी नेलीत म्हणे दारात लावायला. उगाच त्यांची नक्कल नको."

हा नाथा म्हणजे नानांचा नदीपलीकडचा वैरी. दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत, पण नाथानं सोनाका जातीची द्राक्षं लावली की यांनी आपली चांगली चालती बाग मोडून सोनाका लावलीच म्हणून समजा.

नानांच्या हातातली सीताफळाची काठी खाली आली. "नाथानं? किती नेली?"

"दोन."

नानांनी सहा घेतली. मी हेरलेलंही त्यात होतं. मी मनातल्या मनात नाचत होते. जीप बंगल्याशी थांबली, नानांनी माझ्या हातात सीताफळाची एक काठी दिली आणि जीप परत वळवली.

"अहो नाना, ताम्हणं?"

"ती सायखेड्याला. तुझ्या फाटकाशी लावून नाथाला दिसतील व्हय?"

किशोर पोट धरून हसला. त्या दिवशी त्याच्या आमटीत मी मीठच टाकलं नाही.

एका उन्हाळ्यात सायखेड्याला गेले, तर नानांच्या दारात सहाच्या सहा ताम्हणं जांभळी झालेली. खाली माझ्या सासूबाई फुलाबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, मेथी निवडत बसलेल्या. माझा नुसता जळफळाट झाला.

"लगीन होऊन आले तवापासून फुलाचं झाड मागत व्हते मी," आत्याबाई वर बघत म्हणाल्या. "ह्या माणसानं कधी ऐकलं नाय."

"नाथाभाऊंनी लावलीत म्हणून मिळाली तुम्हाला," मी फणकारले.

त्या खुदकन हसल्या. "नाथाची बायको कुसाबाई हळदीकुंकवाला भेटती मला. त्यांच्या दारात ट्रॅक्टर हाय आन् उकिरडा. झाड एक नाय. पर हे तिकडं कधी पाऊल टाकत्यात व्हय?"

माझं तोंडच उतरलं. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? मग नानांना सांगितलं नाही?"

"सांगायला मी काय येडी हाय?"

त्यांचं सुख बघून मला बरं वाटलं, आणि स्वतःसाठी रडूही आलं. त्यांनी लगेच पदरानं माझं तोंड पुसलं. "गप. पानं झडू दे."

थंडीत आम्ही पुन्हा गेलो. ताम्हणं उघडी पडली होती. नाना आणि किशोर जेवायला बसले होते, आत्याबाई ताटात भाकरी टाकता टाकता सहज म्हणाल्या, "नाथानं म्हणे दारातलं एक ताम्हण मुळासकट काढलं, आन् सुनेच्या बंगल्यावर नेऊन लावलं. लय नाव काढत्यात लोक."

नानांचा घास हातातच राहिला. "किती काढली?"

"एक."

"एकच?" नाना ताटावरून उठले. "किशोर, कुदळ आन. आपण दोन काढू. आन् ज्योत्स्ना, चल बाहेर. कोणती दोन न्यायची ती तू निवड. नाथानं काय सुनेला निवडू दिलं नसंल!"