छोटी मावशी

"बेचाळीस," गिऱ्हाईक म्हणालं आणि समोरच्या आरशात बघून त्याने कपाळावरचे केस सारखे केले.

ताईने तपासणीची जड फ्रेम त्याच्या नाकावर चढवली. बेचाळिसाव्या वर्षी वाचायला एकचा नंबर लागतो, फार तर सव्वाचा. या गृहस्थांना सव्वादोनची काच घातल्याशिवाय ओळ लागेना. म्हणजे पंचावन्न कधीच मागे पडली होती. नंबर ऐकल्यावर ते घाईघाईने म्हणाले, की त्यांचं कामच डोळ्यांना ताण देणारं आहे. असतं असं काहींचं, असं म्हणून ताईने फ्रेमचा ट्रे पुढे सरकवला.

उभा जन्म चष्म्याच्या दुकानात गेल्यावर ही गंमत अंगवळणी पडते. नोकरीच्या शोधातले पुरुष वय कमी सांगतात. नवऱ्याबरोबर आलेल्या बायका आधी नवऱ्याच्या तोंडाकडे बघतात आणि मग सांगतात. मिसरूड फुटलेली पोरं दोन वर्षं चढवतात आणि ऐंशी ओलांडलेले आजोबा तर सरळ पाच चढवतात, कारण त्या वयात वयाचंच कौतुक होतं. ताईला यातल्या कुणाचाच राग येत नसे. स्वतःचं वय, स्वतःची थाप आणि फायदाही स्वतःचा. तिच्या बाबतीत थाप मारली दुसऱ्यांनी, फायदा झाला तिसऱ्याचा आणि निस्तरत बसली ती.

खरं म्हणजे तिला सगळे छोटी म्हणत. दुकानाचे मालक, शेजारी, नातेवाईक, झाडून सगळे. आपण मात्र तिला ताईच म्हणू, कारण ती मोठी होती. एवढी साधी गोष्ट, पण ती उघड म्हणायला जगात कुणी तयार नव्हतं.

वडील अचानक गेले तेव्हा ताईची शाळा नुकती संपली होती. ती या दुकानात लागली आणि घर चालवू लागली. चालत्या गाडीचं चाक कोण काढतो? तिच्या लग्नाचा विषय आज काढू, उद्या काढू करत राहूनच गेला. तेवढ्यात धाकटीला चांगलं स्थळ आलं. मुलाकडची मंडळी बैठकीत बसली होती, मुलाच्या आईने सहज विचारलं, की ही मोठी की दुसरी मुलगी मोठी? मोठीला ठेवून धाकटीचं करताय असं कळलं असतं, तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: मोठीत काही खोट आहे का? ताईची आई क्षणभर थांबली आणि म्हणाली, "हीच मोठी. ती दारात उभी आहे ना, ती लहान. वीस वर्षांची."

दारात कपांचा ट्रे घेऊन उभी असलेली ताई पंचवीस वर्षांची होती आणि पुढ्यात बसलेली धाकटी बावीस. अंगाने काटकुळी असल्यामुळे ताई विशीत खपून गेली. रात्री आई म्हणाली, चार दिवसांचा तर प्रश्न आहे, लग्न होऊ दे, मग सांगू. ते चार दिवस काही संपले नाहीत. सासरच्यांसमोर धाकटीला नावाने हाक मारली तर कसं दिसेल, म्हणून ताई धाकटीला ताई म्हणू लागली. ऐकून ऐकून शेजारपाजारही धाकटीला ताई म्हणायला लागला, पुढे आलेली धाकटीची सूनही सासूला ताईच म्हणायला लागली. वडाची साल पिंपळाला लावली आणि ती तिथेच मुरली.

बायकोची मोठी बहीण म्हणजे अक्कडसासू, तिच्यापुढे जावई जपून बोलतो. लहान मेहुणी म्हणजे चेष्टेची हक्काची जागा. ताईच्या वाट्याला जन्मभर चेष्टा आली. पण तिचं तिला फार वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं.

धाकटीच्या लग्नाला दोन वर्षं झाल्यावर तिच्या सासूबाईंनीच ताईसाठी स्थळ आणलं, त्यांच्या सख्ख्या भाच्याचं. मुलगा पाणीपुरवठ्यात कामाला होता, सरळ होता, चोवीस वर्षांचा. बावीस वर्षांच्या छोटीला अगदी साजेसा. चष्म्याचा स्क्रू ढिला झालाय म्हणून तो दुकानात दोनदा आला. दोन्ही वेळा स्क्रू घट्टच होता आणि दोन्ही वेळा ताईने तो मन लावून पिळला. घरी येऊन ती आईला म्हणाली, की मी त्याला खरं सांगते, तो समजून घेईल. धाकटीला तेव्हा सातवा महिना होता. आईने हात जोडले. लग्नाच्या नोंदणीत खरं वय निघणार, मग धाकटीला ते घरात ठेवतील का, तूच सांग. मुलीला एवढ्यात लग्न करायचं नाही, असं आईने कळवून टाकलं. सासूबाई म्हणाल्या, फार चढेल आहे पोरगी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

आज दुपारी धाकटीचा दुकानात फोन आला. "छोटे, संध्याकाळी ये गं. गुडघ्याचं ठरवायचंय." म्हणजे जवळपास कुणीतरी होतं, एकटी असती तर ताई म्हणाली असती.

ताई गेली तेव्हा सगळं ठरून झालं होतं. धाकटी पाय स्टुलावर ठेवून बसली होती, शेजारी तिचा नवरा, समोर मुलगा आणि सून. ऑपरेशनची तारीख मिळाली होती. नंतर दोन महिने धाकटीला उठवायला, बसवायला, धरून चालवायला माणूस लागणार होतं आणि ते माणूस म्हणजे छोटी मावशी, यावर घरात एकमत होतं. भाचा म्हणाला, की मावशी, दुकानात रजा टाक, तू काय, अजून टुणटुणीत आहेस. भाऊजी म्हणाले, घरची मेहुणी असताना बाहेरची बाई कशाला?

ताईच्या कपड्यांखाली त्या वेळी कमरेचा पट्टा आवळलेला होता. पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ती म्हणाली, की माझंही आता वय झालंय. त्यावर सगळे हसले. तुझं कसलं वय, आईपेक्षा लहान तू, असं भाच्याने प्रेमाने सांगितलं. ताईने धाकटीकडे पाहिलं. धाकटी गुडघा चोळत राहिली.

पाणी प्यायच्या निमित्ताने ताई स्वयंपाकघरात गेली. भिंतीला धरत धाकटी मागून आली आणि तिने आधी नळ सोडला. या घरात दोघींचं खरं बोलणं नळाच्या आवाजातच व्हायचं.

"ताई, रागावू नकोस ना."

"मला उचलायचं होणार नाही. माझी कंबर गेलीये. आज बाहेर जाऊन खरं सांगून टाक."

"कमरेचं सांगू की. वयाचं कशाला काढायचं?"

"का नाही काढायचं? आई गेली, तुझ्या सासूबाई गेल्या. आता भितेस कुणाला?"

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. "सासूबाईंना भीत होते ते बरं होतं गं. आता ह्यांना काय सांगू? पहिल्या दिवशी खोटं बोलले आणि मग रोजच बोलत राहिले? सुनेसमोर काय तोंड राहील माझं?" तिने ताईचा हात धरला. "थोडं थांब. ऑपरेशन होऊ दे, मग सांगू."

मग सांगू. चाळीस वर्षांनी तेच दोन शब्द, आईचेच. ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. आपण एवढी वर्षं गप्प बसलो ते शहाणपण नव्हतं, शुद्ध मूर्खपणा होता, असं तिला वाटलं आणि तिने स्वतःच नळ बंद केला.

बाहेर येऊन ती उभ्यानेच बोलली. "मला जमणार नाही. मी हिच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी आहे. मला चौसष्ट पूर्ण झाली. हिचं लग्न जमावं म्हणून आईने उलटं सांगितलं होतं."

भाचा हसला, पण आता हसण्यात प्रेम नव्हतं. "मावशी, यायचं नसेल तर तसं सांग ना. त्यासाठी वय कशाला वाढवतेस?"

भाऊजी म्हणाले, की बायका वय कमी करतात हे ऐकून होतो, वाढवणारी पहिलीच पाहिली. सून तर हसलीही नाही. नसेल जमत तर आम्ही बाई बघू, एवढंच ती ताठ आवाजात म्हणाली. दुकानात थापा मारणाऱ्या शंभर लोकांवर ताईने विश्वास ठेवल्यासारखं केलं होतं. ती आयुष्यात एकदा स्वतःचं खरं वय बोलली, तर ती लबाड ठरली.

तिने धाकटीकडे वळून पाहिलं. आता धाकटीने नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं.

"चेष्टा करतेय ती," धाकटी म्हणाली. "लहानपणापासून अशीच आहे."

लहानपणी हिची वेणी कोण घालायचं, हिला शाळेत कोण सोडायचं, हिची फी कोणाच्या पगारातून जायची, हे सगळं ताईच्या ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं. कुणाला पटवायचं? ती म्हणाली, "बाई बघा," आणि पर्स घेऊन निघाली.

वाईटपणा नको म्हणून सगळे दारापर्यंत आले. एवढी वर्षं ताई या घराचा जिना कठडा न धरताच उतरत आली होती. दारात कुणी ना कुणी बघत असायचं आणि लहान बहिणीने लहान दिसायला हवं, म्हणून तरातरा उतरायची आणि खाली कोपऱ्यावर वळल्यावर कंबर दाबत उभी राहायची. आज तिने कठडा दोन्ही हातांनी धरला. एक पाय खाली टाकला, दुसरा त्याच्या शेजारी आणून ठेवला आणि श्वास घेतला. मग पुढची पायरी, पुन्हा तसंच. वरून भाऊजी म्हणाले, की पुरे आता नाटक. ती थांबली नाही. घाईही केली नाही.

अर्ध्या जिन्यात कमरेतून कळ आली आणि ती तशीच वाकून उभी राहिली.

"अरे, ताईला धरा कुणीतरी," धाकटीचा आवाज आला. नळाशिवाय, सगळ्यांसमोर, रडवेला.

मुलगा लगबगीने पुढे झाला आणि त्याने आईचा दंड धरला. सूनही धावली, तिने दुसरा धरला. बसतेस का, पाय दुखतोय का, असं दोघं तिला विचारू लागले.

ताईने एक हात कठड्यावर पुढे सरकवला आणि खालच्या पायरीवर पाय ठेवला.